डॉक्टरांना घरचं कशाला सांगायचं?

१. पोट दुखतंय, मग घरची चौकशी कशाला?

“पोट माझं दुखतंय आणि डॉक्टर विचारत्यात घरात माणसं किती, कामाला कुठं जाता, जेवता कधी. त्यांस्नी काय करायचंय? औषध द्यावं की!” कोल्हापुरात सीपीआरच्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या, केसपेपरच्या रांगेत उभं राहिलं की या धर्तीचं काहीतरी कानावर पडतंच. प्रश्न रास्त आहे. अनोळखी माणसासमोर, मागे दहाजण उभे असताना, घरच्या ओढाताणीबद्दल बोलायला कुणालाही जड जातं. त्यातून शंकाही येते, की हे सगळं लिहून घेऊन एखाद्या योजनेतून नाव तर कापणार नाहीत ना?

उत्तर शोधायला शिरोळ तालुक्यात जाऊ. तिथं एखाद्याचा ऊस पिवळा पडला, की पहिल्यांदा युरियाचं पोतं आठवतं. पोतं टाकलं, ऊस तरीही पिवळाच. जाणता माणूस बांधावर आला की पानापेक्षा जमिनीची चौकशी जास्त करतो. पाणी किती दिवसांनी देता, खालच्या अंगाला निचरा आहे का, उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो का? रान क्षारपड झालं असेल तर खताचं दुसरं पोतंही वाया जाणार आणि खर्च करायचा तो निचऱ्यावर करावा लागणार, हे शिरोळच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. डॉक्टर घरचं विचारतात ते याच कारणानं. औषध ज्या अंगाला लागू पडायचं, ते अंग कुठं राहतं, काय खातं, केव्हा झोपतं, हे कळल्याशिवाय चिठ्ठी अर्धवटच राहते.

२. रोगाचं कारण आणि त्यामागचं कारण

क्षयरोग जंतूमुळे होतो, हे शाळेत शिकलेलं असतं. पण तो जंतू आपल्या देशात असंख्य लोकांच्या शरीरात झोपलेला असतो आणि त्यातल्या थोड्यांनाच आजार होतो. कुणाला? बहुतेकदा ज्याचं पोट भरत नाही, जो कोंदट खोलीत सातआठ जणांबरोबर झोपतो, ज्याला मधुमेह आहे, ज्याच्या छातीत धूळ गेलेली आहे, त्याला. जंतू हे झालं रोगाचं कारण. अन्न, घर, पाणी, काम, मजुरी, शिक्षण, दवाखान्यापर्यंतचा रस्ता आणि घरात मिळणारी वागणूक ही त्यामागची कारणं. त्यांना आरोग्याचे सामाजिक घटक म्हणतात.

ही समज नवी नाही. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्यानं १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितलं, की रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत आणखी एक घाला : तू काम काय करतोस? तीनशे वर्षांनंतरही हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात रोज उपयोगी पडेल असा आहे. शिरोलीच्या फौंड्रीत वाळूच्या साच्यांजवळ वर्षानुवर्षं काम केलेला माणूस खोकत आला, तर त्याच्या छातीच्या फोटोत दिसणारे डाग क्षयाचे असतील किंवा सिलिकाच्या धुळीचे. दोन्हीही असू शकतात, कारण ती धूळ फुप्फुसात गेलेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका वाढतो. इचलकरंजीच्या मागावरचा कापसाचा तूस, हुपरीत चांदी गाळतानाची वाफ, गुऱ्हाळावरच्या चुलवाणाचा धूर, प्रत्येकाची गोष्ट वेगळी. केसपेपरवर ‘व्यवसाय : मजुरी’ एवढंच लिहिलं तर यातलं काहीच कळत नाही.

जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो १८४८ साली टायफसची साथ पाहायला अप्पर सायलेशियात गेला. परत येऊन त्यानं अहवालात औषधांपेक्षा शिक्षण, जमीन, कर आणि स्वराज्य यांबद्दलच जास्त लिहिलं. आपल्याकडे १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य दुष्काळी जामखेडला गेलं. लोकांची पहिली गरज अन्नपाण्याची आहे हे ध्यानात घेऊन त्यांनी मुलांच्या जेवणाला आणि पिण्याच्या पाण्याला हात घातला, आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं.

पाण्याचं उदाहरण तर जवळचंच आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. तो ‘ई’ प्रकारचा, दूषित पाण्यातून पसरणारा विषाणू होता. गरोदर बाईला ही कावीळ जिवावर बेतू शकते. अशा वेळी पिवळ्या डोळ्यांच्या रुग्णाला “पाणी कुठलं पिता? घरात कुणी पोटुशी आहे का?” हे दोन प्रश्न विचारले, तर समोरच्या रुग्णाच्या आडून आणखी एक जीव वाचू शकतो.

३. गोळी तीच, पाळी वेगळी

आता एक उदाहरण सावकाश पाहू. माणूस कल्पित आहे, पण असे अनेक असतात.

समजा, इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारा पंचेचाळीस वर्षांचा कामगार आहे. त्याला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड नावाची, खूप वापरली जाणारी गोळी लिहून दिली : सकाळी नाश्त्याआधी एक. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते. पोटात अन्न आलं आहे की नाही, हे ती पाहत नाही. गोळी घेतली आणि जेवण झालं नाही, तर रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. फारच खाली गेली तर माणूस बेशुद्ध होतो.

या कामगाराची एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, बारा-बारा तासांची. रातपाळीच्या आठवड्यात तो सकाळी आठला घरी येतो. चिठ्ठीवर ‘सकाळी’ लिहिलंय म्हणून गोळी घेतो, कपभर चहाबरोबर दोन खारी खातो आणि पडतो. जेवण दुपारी दोनला उठल्यावर. मधल्या वेळात झोपेतच साखर घसरते. अंथरूण घामानं भिजतं, उठल्यावर डोकं जड. घरच्यांना वाटतं, रातपाळीचा थकवा. दोनतीनदा असं झाल्यावर तो स्वतःच ठरवतो, की गोळी सोसत नाही. रातपाळीच्या आठवड्यात गोळी बंद.

महिन्यानं तपासणीत साखर वाढलेली. डॉक्टरांना वाटतं, डोस कमी पडतोय. ते गोळी दुप्पट करतात. आता दुप्पट गोळी आणि तीच रातपाळी.

हे सगळं एका प्रश्नानं टळतं : “गोळी घेतल्यावर जेवण किती वेळानं होतं?” त्यातून पाळी समजली, की डॉक्टर गोळी मुख्य जेवणाशी जोडून देऊ शकतात किंवा एकट्यानं साखर सहसा खाली न नेणारं दुसरं औषध निवडू शकतात. (हा बदल डॉक्टरांनीच करायचा. वाचून परस्पर गोळ्या बदलू नयेत.)

रक्तदाबाचंही तसंच. लक्ष्मीपुरीत सकाळपासून भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींना लघवी जास्त करवणारी गोळी दिली, तर त्या ती बाजाराच्या दिवशी घेणार नाहीत. जवळ स्वच्छतागृह नाही, आणि असलं तरी बुट्टी कुणाच्या भरवशावर सोडायची? डॉक्टरांच्या कागदावर मात्र ‘औषध घेऊनही रक्तदाब जास्त’ असं चढतं. इन्सुलिन दिलेल्या घरात फ्रिज आहे का, हेही विचारायलाच हवं. नसेल तर ओल्या वाळूतल्या माठात ते गार ठेवता येतं, हे दाखवायला दोन मिनिटं पुरतात.

४. सहा महिन्यांचं औषध, पाच महिन्यांचा हंगाम

दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर कोल्हापुरात उतरतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि ती फेडायला पहाटे फडात जावं लागतं. मुक्काम कारखान्याच्या किंवा गावाच्या कडेला कोपीत, म्हणजे झोपडीत. मार्चच्या आसपास हंगाम संपला, की सगळं सामान ट्रॅक्टरवर चढतं आणि माणसं गावी जातात.

यातल्या एकाला जानेवारीत क्षयरोग निघाला असं समजा. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचे उपचार किमान सहा महिन्यांचे. म्हणजे जुलैपर्यंत. कोयता मार्चमध्ये जाणार. दोन महिन्यांच्या गोळ्यांनी खोकला थांबलेला असतो, अंगात जरा ताकद आलेली असते आणि रस्त्यात गोळ्या संपतात. अर्धवट सुटलेला क्षय पुन्हा उलटतो, आणि औषधांना न जुमानणारा होऊन बसण्याची भीती असते. पहिल्याच दिवशी “गावी कधी परत जाणार? गाव कुठलं?” एवढं विचारलं, तर सरकारच्या निक्षय नोंदणीतून त्याचे उपचार गावाजवळच्या केंद्राकडे वर्ग करता येतात आणि वाटेसाठी गोळ्या बरोबर देता येतात. पत्ता म्हणून कारखान्याचं नाव लिहून घेतलं, तर एप्रिलमध्ये त्या पत्त्यावर कुणीही सापडत नाही.

दुसरा प्रश्न ताटाचा. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकारानं एक मोठा अभ्यास झाला. २,८०० क्षयरुग्णांना औषधांबरोबर दरमहा शिधा दिला : तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ज्या घरांत रुग्णाबरोबर इतरांनाही धान्य दिलं, त्या घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण फक्त रुग्णालाच शिधा मिळालेल्या घरांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी निघालं. ५ टक्के म्हणजे किती? ४० किलोच्या माणसाचे दोन किलो. औषधाच्या बरोबरीनं दोन किलो वजन जीव राखतं, म्हणून “घरात धान्य आहे का?” हा प्रश्न उपचाराचाच भाग धरला पाहिजे.

केंद्र सरकारच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून क्षयरुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पण पैसे बँक खात्यात येतात. खातं नाही, किंवा आहे पण पासबुक गावी पेटीत, असं असेल तर योजना कागदावरच. रेशनकार्डाचंही तेच. आता कार्ड गावचं असलं तरी इथल्या दुकानात धान्य घेता येतं. पण त्याच कार्डावर गावी म्हातारी आणि शाळेतली पोरं जेवत असतील, तर इथं घेतलेलं धान्य तिकडे कमी पडतं. “रेशनकार्ड आहे का?” याला “आहे” असं उत्तर मिळालं म्हणून थांबायचं नसतं. धान्य कोण उचलतं, हेही विचारायचं असतं.

५. न विचारल्यानं काय होतं

ऊसतोड करणाऱ्या बायकांची दुसरी गोष्ट २०१९ साली साऱ्या राज्याला कळली. बीड जिल्ह्यातल्या या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत असल्याच्या बातम्या आल्या आणि राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. दोन्हींचे वयोगट नेमके जुळत नाहीत, तरी एवढ्या मोठ्या फरकाकडे डोळेझाक करता येत नाही.

यामागची साखळी सरळ आहे. फडात शौचालय नाही, मोरी नाही, पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला आडोसा नाही. त्यातून जंतुसंसर्ग, पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं. एक दिवस कामावर गेली नाही तर मुकादमाचा खाडा, म्हणजे दंड. मग दुखणं घेऊन दवाखान्यात गेल्यावर ‘पिशवी काढून टाका, कटकट जाईल’ हा सल्ला तिलाही सोयीचा वाटतो. पुन्हा खाडा नको असतो. अनेकदा अशा संसर्गाला साध्या गोळ्यांचा कोर्स पुरला असता. तिशीत गर्भाशय, आणि त्याबरोबर कधी बीजकोषही, काढलेल्या बाईला पुढे हाडं ठिसूळ होण्यापासून हृदयविकारापर्यंतचे धोके वाढतात, आणि हंगाम तर तसाच असतो. “दिवसाला किती तास ओणवं राहून काम करता? लघवीला कुठं जाता? पाळीत काय वापरता?” हे प्रश्न तपासणीच्या टेबलावर विचारले गेले असते, तर कितीतरी जणी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत गेल्याच नसत्या, असं मला ठामपणे वाटतं.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून १९८९ साली दाखवून दिलं होतं, की शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आहे आणि त्यातल्या फार थोड्या कधी डॉक्टरांकडे गेल्या आहेत. कुणी विचारलं नाही म्हणून कुणी सांगितलं नाही.

६. विचारायचं कसं

“तुम्ही गरीब आहात का?” असं विचारलं तर कोल्हापुरात उत्तर ठरलेलं : “चाललंय की!” मानी माणूस हात पसरत नाही, आणि त्यानं पसरावा अशी अपेक्षाही नको. कॅनडातल्या डॉक्टरांनी यासाठी एक साधा प्रश्न पडताळून पाहिला : महिनाअखेरीला भागवताना ओढाताण होते का? आपल्याकडे तो आणखी जवळ आणता येईल. “मामा, गोळ्या महिनाभर पुरतात का मध्येच संपतात?” “मावशी, मागच्या वेळी लिहिलेली तपासणी राहून गेली, पैशाची अडचण होती का गाडीची?” यात माणसाची किंमत होत नाही. अडचणीचं नाव तेवढं कळतं.

आधी एक वाक्य जोडावं : “हे आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो.” त्यानं संशय बराच कमी होतो. ज्या माहितीचा उपचाराला काही उपयोग नाही, ती विचारूच नये. आणि काही गोष्टी एकांतातच विचाराव्यात. वारंवार ‘पडले’ म्हणून येणाऱ्या बाईला तिच्या नवऱ्यासमोर “घरी कोणी मारतं का?” विचारणं म्हणजे तिला आणखी संकटात टाकणं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झालं, ते महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं मिळून. तिथं परिचारिका आणि डॉक्टरांना हेच शिकवलं गेलं : बाईला बाजूला घ्या, विश्वास ठेवा, तिनं सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय बाहेर जाऊ देऊ नका, आणि पुढची मदत कुठं मिळेल ते हातात द्या. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर ऐकून पुढे काहीच करायचं नसेल, तर विचारणाऱ्यानं दुसऱ्याच्या दुःखाची खपली उगाच काढली असं होतं.

७. विचारणार कोण?

इथं डॉक्टरांची बाजूही समजून घेतली पाहिजे. निरनिराळ्या देशांतल्या तपासणीच्या वेळांचा जो अभ्यास झाला आहे, त्यात भारतातली सरासरी दोन मिनिटांच्या आसपास आहे. दोन मिनिटांत खोकला ऐकायचा की संसार? म्हणून हे काम एकट्या डॉक्टरांवर टाकून चालणार नाही.

अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ साली याच अडचणीवर उपाय म्हणून दवाखान्यात समाजसेविका नेमली. आपल्या देशात अशी पहिली नेमणूक १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. आज महाराष्ट्रातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ हे पद असतं. अनेक रुग्णांना ते ठाऊकच नसतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. कोणत्या उपचारांना योजना लागू आहे आणि कोणती कागदपत्रं लागतात, हे ते सांगतात. गावात आशाताई असतात. कोपीत बाळंतीण आहे, हे डॉक्टरांच्या आधी त्यांना कळलेलं असतं. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनाही आता काही कुटुंबं ‘दत्तक’ घेऊन त्यांच्या घरी जावं लागतं. ते मनापासून झालं, तर उद्याचा डॉक्टर चंदगडहून शंभरावर किलोमीटर एसटीनं आलेल्या म्हाताऱ्याला रक्ताच्या तपासणीला मंगळवारी आणि दाखवायला गुरुवारी बोलावणार नाही. दोन्ही एकाच दिवशी बसवेल. समजा रोजची मजुरी ४०० रुपये आणि सोबत मुलगा आला असेल, तर एका हेलपाट्यात दोघांचे ८०० रुपये बुडतात, आणि हा हिशेब केसपेपरवर कुठंच येत नाही.

कोल्हापूरच्या डॉक्टरांसाठी जूनमधला म्हणून आणखी एक प्रश्न सुचवतो : “तुमच्या घरात पुराचं पाणी येतं का?” राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तसंच झालं. प्रयाग चिखली, आंबेवाडी, नृसिंहवाडी, कुरुंदवाड इथली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. मधुमेहाच्या, फिटच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घरातच राहिल्या. या गावांतल्या रुग्णाला पावसाळ्याआधी जास्तीच्या गोळ्या आणि चिठ्ठीची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली, तर छावणीतली अर्धी धावपळ वाचते.

८. तुमच्या बाजूनं

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी एवढं आपण होऊन सांगा : काम काय करता आणि कोणत्या पाळीत, दिवसाचं पहिलं जेवण किती वाजता होतं, कोणती गोळी बंद केली आणि का, लिहिलेलं औषध महिनाभर परवडेल की नाही, पुढच्या सहा महिन्यांत गाव सोडणार आहात का, आणि घरात औषधाकडे लक्ष द्यायला कोण आहे. चारचौघांत सांगण्यासारखं नसेल तर “जरा बाजूला बोलायचं होतं” म्हणा. सरकारी दवाखान्यात असाल तर समाजसेवा अधीक्षकांची खोली कुठं आहे ते विचारून घ्या. रेशनकार्ड, आधार आणि बँक पासबुकाची प्रत जुन्या चिठ्ठ्यांबरोबर एकाच पिशवीत ठेवा, आणि दवाखान्यात जाताना ती पिशवी बरोबर न्या.